झाडीतल्या सांदवाडीत दगडी झरा: कमी देखभालीत वाहतं पाणी

घरामागच्या सांदवाडीत साग, मोह, कडुनिंब, चिंच अशी जुनी झाडं असतील, तर तिथे उघडं तळं करू नका. विदर्भात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पानगळ चालते. आधी साग, मग पळस आणि कडुनिंब, आणि शेवटी मोहाची फुलं. हे सगळं पाण्यात पडतं, तळाशी बसतं, कुजतं आणि मार्चच्या उन्हात वास मारू लागतं. त्यात मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक ते दीड सेंटीमीटर थर उडून जातो. आठ बाय सहा फुटांच्या लहानशा तळ्यातून रोज ४५ ते ६५ लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जाईल. गावात नळ एक दिवसाआड येत असताना ही उधळपट्टी कोणालाच परवडणारी नाही.

त्यापेक्षा पाणी जमिनीखाली गोट्यांच्या खड्ड्यात साठवावं, लहान पंपाने ते उंचावर न्यावं, दगडांवरून आठ-दहा फूट वाहू द्यावं आणि पुन्हा गोट्यांत जिरू द्यावं. वर दिसतो तो फक्त झरा. पंप बंद केला की पाणी दिसेनासं होतं. लेकरू बुडण्याची भीती राहत नाही, पानं वरच्या वर झाडता येतात आणि पाणी सावलीत झाकलेलं राहतं. पुढचं सगळं मोजमाप अशा झऱ्याचं आहे. साठा सुमारे साडेपाचशे लिटर, ओहोळ दहा फूट लांब, उतार दोन फूट.

जागा ठरवताना

जागा पावसाळ्यात ठरवावी आणि खोदकाम नंतर करावं. जुलैच्या मोठ्या पावसात सांदवाडीत पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं ते पाहून तिथे खुंट्या ठोकून ठेवा. झऱ्याचा खड्डा त्या वाहत्या पाण्याच्या वाटेत नको. पहिल्याच झडीत गढूळ पाणी आत शिरतं, गोट्यांच्या फटी गाळाने भरतात आणि मग सगळे गोटे बाहेर काढून धुवावे लागतात.

घराच्या पायव्यापासून किमान पंधरा फूट अंतर ठेवा. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. पायव्याच्या एकाच बाजूला सतत ओल राहिली तर भिंतीला तिरपी भेग पडते. विहीर आणि संडासाची टाकी यांच्यापासूनही लांबच राहावं.

झाडांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याच्या बारापट अंतरापर्यंत खोल खोदू नका. एक फूट जाडीच्या कडुनिंबापासून बारा फूट. वड, पिंपळ, उंबर आणि बांबूचं बेट यांच्यापासून पंचवीस फूट तरी दूर जा, कारण त्यांची मुळं ओलीच्या दिशेने येतात आणि खड्ड्याच्या अस्तराची फिल्म फोडतात. खोदताना मनगटाएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा सरकवा. निघालेली माती खोडाशी रचू नये. चार-सहा इंचांचा थर सुद्धा मुळांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही.

जागा मोकळी करण्यासाठी झाड पाडायचा विचार असेल तर आधी परवानगीचं पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन ही झाडं स्वतःच्या जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बहुतेक वेळा पाडण्याची गरजही नसते. खालच्या फांद्या आठ फुटांपर्यंत छाटल्या आणि घाणेरी, तरोटा, गाजर गवत मुळासकट उपटलं की झाडीत आपोआप जागा दिसायला लागते.

जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी, म्हणजे ताडोबाच्या भोवतालची, मेळघाटातली, नवेगाव-नागझिऱ्याकडची, गडचिरोलीतली गावं, एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात पाण्यावर जनावर येतं. मोहाची फुलं पडतात तिथे अस्वल येतं, आणि पाणी व मोह एकाच जागी असतील तर ते दार ठोठावून बोलावल्यासारखंच आहे. अशा गावात झरा मोहाखाली नको, आणि सूर्य मावळायच्या आधी पंप बंद करून पक्ष्यांसाठीच्या उथळ भांड्यातलं पाणीही उपसून टाका.

कधी खोदायचं

पावसाळ्यात काळ्या मातीतला खड्डा ढासळतो आणि मे महिन्यात तीच माती टिकावाला दाद देत नाही. दिवाळीनंतर ओल बरोबर असते, पण तेव्हा कापसाच्या वेचणीत मजूर मिळत नाही. म्हणून जानेवारी हा सोयीचा महिना. दोन माणसं आणि एक गवंडी असला तर काम चार-पाच दिवसांचं आहे.

सामान

मुरूम एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. गोटे अर्धा ब्रास, दीड ते तीन इंचांचे. नदीतून स्वतः उचलून आणू नका, ते गौण खनिज आहे. रेती-गिट्टीवाल्याकडून पावतीने घ्या. गोटे मिळाले नाहीत तर ४० मिमी गिट्टी चालते, पण तिच्या कडा धारदार असतात, म्हणून खाली बारदान्याचा थर दुप्पट करावा लागतो. चपटे दगड आठ-दहा, त्यांतले तीन दीड-दोन फूट रुंदीचे, धबधब्याच्या पायऱ्यांसाठी. अमरावती, अकोला, यवतमाळकडे काळा पत्थर सहज मिळतो, भंडारा-गडचिरोलीकडे करडा, रवाळ दगड. चंद्रपूरकडची चुनखडी मात्र वापरू नये, ती हळूहळू पाण्यात विरघळते आणि पंपावर पांढरा थर चढवते.

अस्तरासाठी शेततळ्याची ५०० मायक्रॉनची फिल्म घ्या. ती कृषी साहित्याच्या दुकानात रोलमधून कापून मिळते, आणि विणलेल्या एचडीपीई फिल्मसाठी आयएस १५३५१ हे मानक आहे, ते छापलेलं पाहून घ्या. ती ताठ असते, घडीवर जोर दिला तर चुरगळून भेगते, म्हणून सकाळी अकरानंतर उन्हात तासभर पसरून ठेवली की मऊ पडते. ईपीडीएम रबराचं अस्तर मिळालं तर जास्त चांगलं; महाग आहे, पण कोपऱ्यात नीट बसतं. पातळ काळं प्लॅस्टिक मात्र घेऊ नका, एक उन्हाळाही टिकत नाही.

याशिवाय बोअरच्या केसिंगचा सात-आठ इंची तुकडा अडीच फूट लांब, एक इंची पाइप पंचवीस फूट, जुना बारदाना वीस-पंचवीस पोती, हिरवी शेडनेट दोन मीटर, आणि पंप.

पंप

पंपाच्या डब्यावर लिहिलेले लिटर शून्य उंचीचे असतात, हे आधी लक्षात घ्या. वर चढवायचं पाणी जितकं उंच, तितकी धार कमी. आपल्या झऱ्यात पाणी खड्ड्याच्या तळापासून मुरमाच्या टेकाडावर, म्हणजे साडेचार ते पाच फूट चढतं.

दगडावरून पाणी सलग पडदा होऊन पडायला हवं असेल तर पडणाऱ्या कडेच्या एक इंच रुंदीला ताशी साधारण ३७५ लिटर लागतात. तीन इंच रुंद धारेसाठी म्हणजे ताशी अकराशे लिटर, तेही पाच फुटांवर. यासाठी डब्यावर २००० ते २५०० लिटर आणि कमाल उंची तीन मीटर लिहिलेला, ३५ ते ४५ वॅटचा पंप घ्या. रोज चार तास चालवला तर महिन्याला चार ते साडेपाच युनिट जातात.

कूलरचा १८ वॅटचा पंप घरात पडलेला असतो, तो चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालतो, पण पाच फुटांवर त्याची धार करंगळीएवढी राहते. दगड ओला दिसेल, आवाज येणार नाही. टेकाड फूटभरच ठेवायचं असेल तर तो पुरे.

विजेबद्दल काटकसर करू नका. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि हाही पाण्यात बुडालेला २३० व्होल्टचा पंपच आहे. ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि फुटभर खोल गाडलेल्या पाइपातून नेलेली वायर, या तिन्ही गोष्टी हव्यात. वायरचा जोड पाण्याच्या खड्ड्यात कधीही ठेवायचा नाही. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. भारनियमन फार असेल तर १२ व्होल्टचा डीसी पंप आणि ५० वॅटचं सौर पॅनेल हा सुरक्षित मार्ग आहे. पॅनेल झाडीत नको, कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून लावा. पॅनेलपासून पंपापर्यंत पन्नास फुटांत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर वापरा. बारीक वायरीत दाब पडतो आणि पंप सकाळ-संध्याकाळ सुरूच होत नाही.

खड्डा आणि मुरूम

खड्डा तयार झाल्यावर आतून पाच फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल हवा. म्हणजे ५० घनफूट. गोट्यांनी भरल्यावर त्यांच्या फटींत साधारण ४० टक्के जागा उरते, तिच्यात ५५०-५६० लिटर पाणी मावतं.

काळ्या मातीत मात्र सहा बाय पाच फूट, तीन फूट खोल खोदा आणि तळाला व बाजूंना सहा-सहा इंच मुरूम भरा. मुरूम ओला करून चार-चार इंचांचे थर कुटत वर यायचं, बाजू किंचित तिरप्या ठेवायच्या. हा मुरूम नसेल तर उन्हाळ्यात माती भेगाळते, फिल्मखाली पोकळी होते, आणि वरच्या गोट्यांच्या वजनाने फिल्म त्या भेगेत ओढली जाऊन फाटते. सिमेंटचं टाकं काळ्या मातीत दोन-तीन वर्षांत तडकतं त्याचं कारणही हेच. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी गाडू नका. पावसाळ्यात बाहेरची ओली माती तिला दाबते, आणि रिकामी असेल तर ती चक्क वर उचलली जाते. जमीन मुरमाडच असेल तर हा सगळा खटाटोप वाचला, थेट खोदा.

निघालेली काळी माती टेकाडासाठी वापरू नये, ती पावसात बसते आणि दगड कलतात. टेकाडही मुरमाचंच करा. तळाशी सहा फूट रुंद, दोन फूट उंच. काळी माती हळदीच्या आणि भाजीच्या वाफ्यात टाकावी.

टेकाडावरून खड्ड्यापर्यंत ओहोळाची चर दहा फूट लांब, दोन फूट रुंद, आठ इंच खोल घ्या. सरळ चर करू नका, एक-दोन वळणं द्या. उतार सलग न ठेवता तीन पायऱ्यांत मोडा, प्रत्येक पायरी सात-आठ इंचांची. दोन पायऱ्यांमधली जागा जवळजवळ सपाट असावी, म्हणजे पंप बंद झाला तरी तिथे थोडा ओलावा राहतो. गवंड्याच्या लेव्हल नळीने चरीचे दोन्ही काठ एका पातळीत आहेत का ते प्रत्येक दोन फुटांवर तपासा. झऱ्यातून पाणी गळतं ते दहापैकी नऊ वेळा फिल्मच्या भोकातून नाही, खाली गेलेल्या काठावरून.

अस्तर, दगड, गोटे

मुळांचे टोकदार अंश आणि खडे वेचून काढा. बारदान्याचे दोन थर अंथरा. खड्ड्याची फिल्म बारा बाय अकरा फूट: लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंची खोली मिळवून वर प्रत्येक काठाला एक फूट. ओहोळाची फिल्म सोळा फूट लांब, साडेपाच फूट रुंद. दोन तुकडे चिकटवायच्या भानगडीत पडू नका. ओहोळाची फिल्म खड्ड्याच्या फिल्मवर दीड फूट आत आली पाहिजे, कवेलूवर कवेलू चढवतात तशी, वरचं खालच्यावर. काठावरची जास्तीची फिल्म आत्ताच कापायची नाही. पाणी सोडून दोन दिवस पाहिल्यावरच कापा.

फिल्मवर पुन्हा बारदान्याचा एक थर. खड्ड्याच्या कोपऱ्यात तळाशी एक फरशी ठेवून तिच्यावर केसिंगचा तुकडा उभा करा. त्याला खालच्या दीड फुटात अर्ध्या इंचाची चाळीस-पन्नास भोकं पाडलेली असावीत आणि बाहेरून शेडनेट गुंडाळलेली असावी. पंप यात दोरीने सोडायचा आणि दोरीनेच काढायचा. पंपाचं माप आधी पाहून घ्या, काही पंप सात इंची तुकड्यात बसत नाहीत. वर झाकण म्हणून चपटा दगड.

गोटे भरण्याआधी धुतलेच पाहिजेत. न धुतलेल्या अर्ध्या ब्रासातून बादलीभर तरी माती निघते आणि ती सगळी पंपात जाते. मोठे गोटे खाली, लहान वर. पाण्याची पातळी गोट्यांच्या वरच्या थरापेक्षा तीन इंच खाली राहील अशा बेताने काठाच्या एका जागी दोन इंची ओव्हरफ्लो पाइप काढा. त्याचं जादा पाणी केळीच्या किंवा वाळ्याच्या वाफ्यात सोडा.

पायरीचा चपटा दगड पुढे दीड इंच बाहेर काढून बसवा, नाहीतर पाणी त्याच्या पोटाला चिकटून मागे येतं. दगडाच्या मागची आणि खालची फट पीयू फोमने (फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने) किंवा १:३ सिमेंट-रेतीत जलरोधक पावडर घालून बुजवा. ही फट राहिली तर सगळं पाणी दगडाखालून जातं आणि वर धार दिसतच नाही. सिमेंट वापरलं असेल तर आठ दिवसांनी दोनदा पाणी बदला. सर्वांत वरच्या पायरीजवळ दीड-दोन इंच खोल, खडबडीत उथळ भांडं होईल असा एक दगड ठेवा. बुलबुल, दयाळ, सातभाई, शिंजीर इथेच उतरतात, आणि एवढ्या कष्टाचं खरं मोल तेव्हा कळतं. गुळगुळीत फरशीवर पक्षी उतरत नाहीत, पाय घसरतो.

पाइप टेकाडाच्या बाजूने सहा इंच गाडून न्या. उघडा ठेवला तर वानरं उपटतात.

पाणी भरणं

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर २५ मिमी पाऊस पडला की गळती-उडती धरूनही नऊशे लिटरच्या वर पाणी मिळतं, म्हणजे एका चांगल्या सरीत हा खड्डा भरतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी झऱ्यात घालूच नका. ते उडत जातं तसा क्षार घट्ट होत जातो, काळ्या दगडावर पांढरी पुटं चढतात आणि काठची झाडं जळतात.

मे महिन्यात झरा दिवसभर चालवला तर १५ ते २५ लिटर रोज कमी होतात. आठवड्याला दीडशे लिटर घाला. पंप पाण्याबाहेर पडून कोरडा चालला तर तासाभरात जळतो, म्हणून केसिंगमध्ये खुणेची काठी ठेवा. निम्म्याच्या खाली पातळी गेली की पाणी भरायचंच.

पाणी अपेक्षेपेक्षा जास्त उतरत असेल तर रात्रभर पंप बंद ठेवून काठीने मोजा. पंप बंद असतानाही पातळी उतरली तर गळती खड्ड्यात आहे. फक्त पंप चालू असताना उतरत असेल तर ओहोळाच्या काठाने किंवा शिंतोड्यांनी जातंय. मग गोट्यांना हात न लावता काठाचा प्रत्येक दगड उचलून खालची माती ओली आहे का ते पाहा, आणि तिथे फिल्मखाली मुरूम भरून काठ दोन इंच उचला. अचानक गळती सुरू झाली असेल तर घुशीचं बीळ शोधा.

झाडं

ओहोळात गोट्यांच्या फटीत वेखंड आणि ब्राह्मी. काठाला अळू, कर्दळ. झाडांच्या सावलीत हळद, अडुळसा, शतावरी. वाळा ओव्हरफ्लोच्या तोंडाशी लावा, पण फिल्मपासून तीन फूट लांब, त्याची मुळं फार खोल जातात. पाणकणीस लावू नका, त्याचे टोकदार कंद फिल्म भेदतात. जलपर्णी तर आणूच नका. बाकी जमिनीवर सागाची आणि कडुनिंबाची पानं तीन इंच जाड तशीच राहू द्या, तेच इथलं खरं आच्छादन. ओहोळाच्या भोवती मात्र दोन फुटांचा पट्टा पानं झाडून स्वच्छ ठेवा आणि येण्याजाण्याची तीन फुटी वाट मुरमाची करा. ओल, दगड आणि बेडूक असले की मण्यार, घोणस येणार हे गृहीत धरायचं. पाय ठेवायची जागा दिसली पाहिजे. मोठ्या दगडांमधल्या हाताएवढ्या फटी मुरूम आणि गोट्यांनी बुजवा, आणि अंधारात गोट्यांत हात घालू नका.

वर्षभर काय करायचं

आठवड्यातून एकदा ओहोळावरची पानं खराट्याने काढा. त्याच दिवशी पंप बंद असताना दगडांच्या खळग्यांत साचलेलं पाणी ओतून टाका, कोरडा दिवस पाळतात तसाच. डेंग्यूच्या डासाची अळी सात-आठ दिवसांत डास होते, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. झरा पंधरा दिवस बंद ठेवावा लागणार असेल तर साठ्यात बीटीआय पावडर, म्हणजे डासांच्या अळ्या मारणारी जिवाणूंची पावडर, टाका. ती पक्ष्यांना आणि बेडकांना बाधत नाही.

मार्चमध्ये पानगळीमुळे पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि फेस धरतं. यात बिघाड नाही, पानांचा तो अर्क आहे. अर्धं पाणी उपसून झाडांना घाला आणि नवं भरा. ब्लीचिंग पावडर टाकू नका. पंपाची धार बारीक झाली तर पंप काढून शेडनेट धुवा, आतलं चक्र काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, क्षार सुटतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी ओव्हरफ्लोचं तोंड मोकळं करा आणि टेकाडाच्या वरच्या बाजूला बोटभर खोल चर काढून वाहून येणारं पाणी बाजूला वळवा. विजा कडाडत असताना पंपाचा प्लग काढून ठेवा. झडीच्या दिवसांत झरा चालवायची गरज नसते. पंप वर काढा, पुसा, सावलीत ठेवा, आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा सोडा.